बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड: ९७ टक्क्यांवरून खाली येतानाच्या नोंदी

पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची ही वही आहे. आम्ही तिघं: मी, अ. आणि स. मूळ वहीतले डाग, आपापसातली भांडणं आणि तीन-तीनदा उतरवलेले तेच आकडे इथे गाळलेत. चुका गाळलेल्या नाहीत. कुणी असाच प्रकल्प हाती घेणार असेल, तर आमचे वाया गेलेले आठवडे निदान त्यांचे तरी वाचावेत.

६ जुलै

विषय ठरला, पण सुखासुखी नाही. आमचा मूळ प्रस्ताव होता फळांच्या सालींनी पाण्यातला मिथिलीन ब्लू हा रंग काढायचा. दरवर्षी कुणीतरी तो करतं, आलेख छान येतात, मार्कही मिळतात. मॅडमनी वाचला आणि विचारलं, "मिथिलीन ब्लू कुणाच्या नळाला येतो?" आम्ही गप्प.

मग स. म्हणाला की त्याच्या घरच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे असं सगळे म्हणतात, मोजलेलं मात्र कुणी नाही. मॅडम म्हणाल्या, "मग आधी मोजा. काढायचं नंतर बघू." जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि पाणी उकळलं तर ते जात नाही. पाणी आटतं तसं उलट वाढतं.

९ जुलै

प्रमाण द्रावण केलं. ०.२२१ ग्रॅम सोडियम फ्लोराइड एका लिटरला, म्हणजे १०० मि.ग्रॅ./लि. फ्लोराइड. अ.ने ते काचेच्या फ्लास्कमध्येच ठेवून दिलं आणि आम्ही चार दिवस फिरकलो नाही. काकांनी (लॅब असिस्टंट, इथली निम्मी रसायनशास्त्राची अक्कल त्यांची) फ्लास्कवरची चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "फ्लोराइड काचेत ठेवतात का गं?" इतक्या विरळ द्रावणानं काच लगेच खरवडली जाणार नाही, पण जे द्रावण बाकी सगळ्या आकड्यांचं माप होणार त्यावर शंका नको. लिटरभर ओतून दिलं, सॉल्ट सुकवून पुन्हा वजन केलं, प्लास्टिकच्या बाटलीत भरलं.

ओतून दिलं म्हणजे बेसिनमध्ये नाही. फ्लोराइडच्या टाकाऊ द्रावणांसाठी वेगळा प्लास्टिकचा कॅन ठेवलाय. त्यावर काकांनी मार्करनं लिहिलंय: आम्ल ओतायचं नाही. आम्लानं हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं, आणि त्याच्याशी खेळायचं नसतं.

१३ ते १७ जुलै

पाच दिवस चुन्यात गेले. कल्पना स.ची, पण आम्हा दोघींनाही पटलेली, त्यामुळे दोष तिघांचा. चुन्याची निवळी टाकायची, कॅल्शियम फ्लोराइडचा साका बसेल, वरचं पाणी काढून घ्यायचं. स्वस्त, सोपं, कुणालाही जमेल असं.

साका बसला. तो बायकार्बोनेटशी झालेल्या कॅल्शियम कार्बोनेटचा. फ्लोराइड जागचं हललं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी अ.नं वहीच्या मागच्या पानावर विद्राव्यता गुणाकार मांडला. कॅल्शियम फ्लोराइडचा सुमारे ३.९ × १०⁻¹¹. त्यावरून पाण्यात विरघळून राहणारं फ्लोराइड जवळजवळ ८ मि.ग्रॅ./लि. येतं. आमच्या पाण्यात मुळात जेमतेम त्याच्या निम्मंच होतं (आकडा पुढे येतो). आधीच आठच्या खाली असलेल्या पाण्यातून चुना काढणार काय? ही आकडेमोड आम्ही पहिल्या वर्षाला परीक्षेत सोडवली होती, दहा मिनिटांची. प्रयोग आधी आणि पेन नंतर, याची किंमत पाच दिवस.

(पुढे डिसेंबरात हाच चुन्याचा मार्ग कामी आला. तेव्हा सांगते.)

२२ जुलै

मोजण्याची पद्धत: स्पॅडन्स. झिर्कोनियम आणि या रंगद्रव्याचं लाल संयुग असतं. फ्लोराइड झिर्कोनियमला ओढून घेतं आणि रंग फिका पडतो. जितकं फ्लोराइड जास्त तितका रंग कमी. ५७० नॅनोमीटरला वाचायचं. साधारण १.४ मि.ग्रॅ./लि. पर्यंतच ही पद्धत चालते, म्हणून बोअरचं पाणी पाचपट विरळ करून घेतलं.

पहिला आलेख म्हणजे भिंतीवर चिखल फेकल्यासारखा. आर वर्ग (ठिपके सरळ रेषेत किती नीट बसतात त्याचं माप, पूर्ण बसले तर १) ०.९३.

२४ जुलै

कारण सापडलं आणि लाज वाटली. ५० मिलि नमुन्यात १० मिलि अभिकर्मक (स्पॅडन्सचं लाल द्रावण) घालायचा असतो, तो मी मोजपात्रानं घालत होते. रंग वाढणाऱ्या पद्धतीत अभिकर्मक थोडा जास्त पडला तर अनेकदा खपून जातं. इथे रंग आधीच भरलेला आहे आणि आपण तो किती उतरला ते बघतोय. अर्धा मिलि इकडचा तिकडे झाला की पाच टक्के रंग इकडचा तिकडे. पिपेट घेतली, सगळ्या नळ्या एकाच तापमानाला येईपर्यंत पाण्यात ठेवल्या. आर वर्ग ०.९९८.

बोअरचं पाणी: ४.१ मि.ग्रॅ./लि. तीनदा मोजलं. ४.०, ४.१, ४.१. स. घरी फोन करायला बाहेर गेला.

३ ते ११ ऑगस्ट

शोषक, म्हणजे फ्लोराइड स्वतःवर धरून ठेवणारा माल. ॲल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडला फ्लोराइडची ओढ आहे, हे नवं नाही. तुरटी आणि चुना वापरणारी नलगोंडा पद्धत नीरी या संस्थेनं विकसित केली, तीही याच ओढीवर चालते. पण तिच्यात रोज ढवळायचं, निवळायचं, गाळ काढायचा. आम्हाला असे खडे हवे होते जे पाण्यात टाकले, काढले, झालं.

भाजलेल्या विटेचा चुरा घेतला, दहा टक्के तुरटीच्या द्रावणात रात्रभर भिजवला, वर थोडं सोडियम हायड्रॉक्साइड घातलं. पांढरा, जेलीसारखा थर दाण्यांवर बसला. दोनदा धुतला, ओव्हनमध्ये वाळवला. ही घाण क्रमांक १. (काकांचा शब्द. "तुमच्या त्या घाणीला झाकण लावा.") वहीत आम्ही तेच नाव ठेवलं, पुढच्या सगळ्या मालालाही.

१४ ऑगस्ट

४.० चं द्रावण, लिटरला १० ग्रॅम माल, अर्धा तास हलवलं. स्पॅडन्सवर वाचन: ०.१.

९७ टक्क्यांहून जास्त! अर्ध्या तासात! अ. नाचली. मी पोस्टरचा मथळासुद्धा लिहून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, पुन्हा ०.१. बोअरच्या पाण्यावर केलं, ०.२. तीन आठवडे आम्ही या आकड्यावर इमले बांधले: वेळ बदलून, माल कमी करून, सगळीकडे झकास निकाल. खरं तर इतके झकास की तेव्हाच संशय यायला हवा होता. पाच मिनिटं हलवलं तरी ९५ टक्के, अर्ध्या मालात ९६. कुठलाही आलेख कुठेच वाकत नव्हता.

४ सप्टेंबर

या एका नोंदीसाठी बाकीची वही आहे असं म्हटलं तरी चालेल.

मॅडमनी एकच सांगितलं: शुद्ध केलेल्या त्या पाण्यात मोजून १ मि.ग्रॅ./लि. फ्लोराइड घाला आणि वाचा. ०.१ अधिक १.०, म्हणजे १.१ यायला हवं.

०.३ आलं.

पुन्हा केलं. ०.३. पिपेट बदलली. ०.३. म्हणजे आम्ही आमच्या हातानं घातलेलं फ्लोराइडसुद्धा आमची पद्धत बघू शकत नव्हती. अ. बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिली. गडद लाल रंग, जणू काही घातलंच नाही.

मॅडम म्हणाल्या, घालण्याआधीचा मूळ नमुना दोन तास तसाच राहू द्या. दुपारी वाचला: सकाळच्या ०.१ चं ०.८ झालं होतं. आपोआप फ्लोराइड वाढत नसतं. कुणीतरी ते धरून ठेवलेलं होतं आणि अभिकर्मकातल्या आम्लात हळूहळू सोडत होतं.

कोण ते शोधायला मोठं यंत्र लागलं नाही. गुणात्मक विश्लेषणातला तिसरा गट, ॲल्युमिनॉनची कसोटी: ॲल्युमिनियम असेल तर हे रंगद्रव्य लाल गुठळ्या देतं. शुद्ध केलेल्या पाण्यात अमोनियम ॲसिटेट आणि ॲल्युमिनॉन घातलं, काही मिनिटांत लाल गुठळ्या. आमच्या मालातून ॲल्युमिनियम पाण्यात उतरत होतं. त्यानं फ्लोराइडला घट्ट धरलं होतं, आणि धरलेलं फ्लोराइड स्पॅडन्सला दिसत नव्हतं. पाणी शुद्ध झालंच नव्हतं. फ्लोराइड होतं तिथेच होतं, वर ॲल्युमिनियमची भर.

त्याच वेळी पहिल्यांदा पाण्याचा पीएच बघितला. ४.६. तीन आठवड्यांत एकदाही पीएच मोजला नव्हता. नीट न धुतलेली तुरटी, दुसरं काय.

पोस्टरचा मथळा फाडला. स. म्हणाला, नशीब घरी बाटली भरून नेली नाही.

१० सप्टेंबर

दुसऱ्या एका विभागाकडून फ्लोराइड इलेक्ट्रोड उसना मिळाला, दोन आठवड्यांच्या बोलीवर. आत लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक असतो, युरोपियम मिसळलेला. मार्टिन फ्रँट आणि जेम्स रॉस यांनी १९६६ मध्ये हा इलेक्ट्रोड मांडला. इतका निवडक इलेक्ट्रोड दुसरा क्वचितच असेल; त्याला मुख्य त्रास हायड्रॉक्साइडचा. आणि तोही मोकळं फ्लोराइडच बघतो, त्यामुळे ॲल्युमिनियमनं धरलेलं आधी सोडवावं लागतं.

त्यासाठी टिसॅब हे नमुन्यात मिसळायचं द्रावण: ५८ ग्रॅम मीठ, ५७ मिलि ग्लेशियल ॲसेटिक आम्ल, ४ ग्रॅम सीडीटीए, सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच ५.० ते ५.५, मग एक लिटर. सीडीटीए ॲल्युमिनियमला पकडतं आणि फ्लोराइड मोकळं होतं. नमुना आणि टिसॅब निम्मे-निम्मे.

पहिली लिटरभर बाटली वाया. पीएच आणताना हायड्रॉक्साइड भसाभस ओतलं, भांडं तापलं, गरम द्रावणात पीएच ५.२ वाचला आणि खूश होऊन एक लिटर करून टाकलं. थंड झाल्यावर बघितला तर ५.९. ४ ग्रॅम सीडीटीए गेलं, आणि आमच्याकडे ते एकूण २५ ग्रॅमच होतं. दुसऱ्या वेळी भांडं थंड पाण्यात ठेवून, थेंबाथेंबानं.

११ सप्टेंबर

इलेक्ट्रोडचा उतार, म्हणजे फ्लोराइड दहापट झालं की वाचन किती बदलतं ते, ४८ मिलिव्होल्ट. ५९ च्या जवळ यायला हवा. शिवाय वाचन एका जागी थांबतच नव्हतं, सरकत राहायचं. दिवसभर इलेक्ट्रोडला शिव्या घातल्या. संध्याकाळी काकांनी भांड्याला हात लावला: "हे गरम लागतंय." चुंबकीय स्टरर खालून तापत होता, आणि आम्ही प्रमाण द्रावणं सकाळी थंड असताना वाचली होती, नमुने दुपारी. थर्मोकोलचा तुकडा मध्ये घातला. एवढंच. आणखी दोन गोष्टी: संदर्भ इलेक्ट्रोडचं भरायचं भोक उघडं ठेवा, आणि स्फटिकाखाली हवेचा बुडबुडा अडकलाय का ते वाकून बघा. बुडबुडा बोटभरही नसतो, पण वाचन पार बिघडवतो.

उतार ५७.८.

१२ सप्टेंबर

घाण क्रमांक १ चा खरा निकाल. टिसॅब घालून तासभर थांबून वाचला, कारण वाचन हळूहळू चढत होतं. ४.० वरून २.३. म्हणजे ४२ टक्के, तेही पाण्यात ॲल्युमिनियम सोडून.

विटेचा नुसता चुरा, थराशिवाय: ४.० वरून ३.८. नुसता चुरा शुद्ध पाण्यात: ०.१५ फ्लोराइड विटेतूनच आलं. हे कोरे प्रयोग पहिल्या दिवशी करायचे असतात. आम्ही एकोणसत्तराव्या दिवशी केले.

१६ सप्टेंबर

घाण क्रमांक २. या वेळी उदासीन करायचंच म्हणून स.नं हायड्रॉक्साइड सढळ हातानं घातलं. पांढरा थर आला, दाट झाला, आणि डोळ्यांदेखत निवळला. पीएच ११.४. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड उभयधर्मी आहे. आम्लातही विरघळतं, जास्त अल्कलीतही. सगळं ॲल्युमिनेट होऊन धुण्याच्या पाण्याबरोबर गेलं. ५०० ग्रॅम चुरा, ५० ग्रॅम तुरटी, एक दिवस.

२१ ते २८ सप्टेंबर

घाण क्रमांक ३. हायड्रॉक्साइडऐवजी सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण. फेस येतो, भांडं मोठं घ्यावं लागतं (पहिल्यांदा टेबलावर उतू गेलं), पण हात सैल सुटला तरी पीएच ८ च्या फार वर जाऊच शकत नाही. ज्याचे हात आमच्यासारखे आहेत त्यानं हेच वापरावं.

धुणं: बेरियम क्लोराइडनं सल्फेट दिसायचं बंद होईपर्यंत आणि ॲल्युमिनॉननं लाल यायचं बंद होईपर्यंत. अकरा वेळा धुतलं. मी पाच धुण्यांत थांबणार होते. सातव्या धुण्यालाही बेरियम क्लोराइडनं पाणी दुधाळ झालं.

निम्मा माल ११० अंशांना ओव्हनमध्ये वाळवला, निम्मा ४०० अंशांना मफल भट्टीत दोन तास. ओव्हनवाला हलवल्यावर पांढरं झाडतो, पाणी गढूळ करतो. भट्टीवाल्याचा थर बोटानं घासला तरी निघत नाही. भट्टीवाला ठेवला.

इलेक्ट्रोड परत द्यायची मुदत संपली. विनवण्या करून रोज दुपारी दोन तास मिळाला.

५ ऑक्टोबर

क्रमांक ३, लिटरला १० ग्रॅम, दोन तास. ४.० वरून ०.९. पाण्याचा पीएच ६.३. ॲल्युमिनॉनला लाल नाही. आणि मॅडमची परीक्षा: १.० घातलं, १.८८ वाचलं. म्हणजे ९८ टक्के परत दिसलं. या वेळी कुणी नाचलं नाही.

६ ऑक्टोबर

तोच माल, तेवढाच वेळ, पण स.च्या बोअरचं पाणी: ४.१ वरून २.६.

चुरा बदलला, पुन्हा २.६.

९ ते १४ ऑक्टोबर

बोअरच्या पाण्यात असं काय आहे जे आमच्या द्रावणात नाही? एकेक करून बघितलं. मिथिल ऑरेंजवर अनुमापन केलं, बायकार्बोनेट सुमारे ३८० मि.ग्रॅ./लि. निघालं. पीएच ८.२. मग शुद्ध पाण्यात ४.० फ्लोराइड घेऊन एका भांड्यात बोअरइतकं क्लोराइड घातलं, दुसऱ्यात सल्फेट, तिसऱ्यात लिटरला ०.५२ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट.

क्लोराइडवालं १.० ला थांबलं, सल्फेटवालं १.२ ला, बायकार्बोनेटवालं २.४ ला. चोर सापडला. बायकार्बोनेट स्वतः जागा अडवतं आणि पीएचही वर धरून ठेवतं. पीएच वर गेला की दाण्यांचा धनभार कमी होतो आणि फ्लोराइडला ओढ उरत नाही.

आम्ही ऑगस्टपासून जवळजवळ सगळं शुद्ध पाण्यात करत होतो. सालींचे आणि रंगांचे बरेच विद्यार्थी-प्रकल्प असेच होतात, आणि तिथे येणाऱ्या चकचकीत टक्केवारीचं गुपित बहुधा हेच असावं.

आम्ल घालून पीएच ६.५ ला आणला तर निकाल १.२ आला. पण घरी रोज आम्ल मोजून कोण घालणार? स. म्हणाला, माझी आई घालणार नाही, आणि मी तिला सांगणारही नाही. तो रस्ता बंद केला. प्रयोगशाळेत चालणारा आणि घरात न चालणारा उपाय आम्हाला नको होता.

२ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी नव्हे, परीक्षा. तीन आठवडे काही नाही.

२३ नोव्हेंबर

आम्लाशिवाय, बोअरच्याच पाण्यावर. लिटरला २० ग्रॅम एकदम: १.९. तेच २० ग्रॅम दोन हप्त्यांत, १० टाकून गाळून पुन्हा १०: १.६. तीन हप्ते, ३० ग्रॅम: १.१. माल तेवढाच असला तरी हप्त्यांत जास्त काम होतं, कारण ताज्या मालासमोर दर वेळी कमी फ्लोराइड येतं. मग अनंत हप्ते म्हणजे काय? नळी. पाणी थरातून वाहू द्यायचं.

२६ नोव्हेंबर

नळी क्रमांक १: ४ सेंटिमीटर व्यासाचा पाइप, ३०० ग्रॅम माल, वरून पाणी. चाळलेलं नव्हतं. बारीक भुकटी खाली बसली आणि नऊ तासांत एक लिटर पाणी आलं. नंतर जोर लावून पाणी सोडलं तर ते भिंतीच्या कडेनं वाट काढून सरळ खाली. बाहेरचं पाणी ३.४.

१ डिसेंबर

चुरा ०.६ ते १.२ मिलिमीटरमध्ये चाळला (निम्मा माल चाळणीखाली गेला, हा तोटा धरा), पाइप आधी पाण्यानं भरून त्यात माल हळूहळू सोडला म्हणजे आत हवा राहत नाही, आणि पाणी खालून वर चढवलं. मिनिटाला १० मिलि. पाळ्या लावून अर्ध्या-अर्ध्या लिटरला नमुना घेतला.

पहिले सहा लिटर ०.५ च्या आत. नवव्याला १.० ओलांडलं. अकरावा लिटर संपताना १.५.

अकरा लिटर. एका घराचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं जेमतेम एका दिवसाचं पाणी, ३०० ग्रॅम मालात. हा आकडा वहीत लिहिताना कुणी काही बोललं नाही. ९७ टक्क्यांपेक्षा तो फारच गरीब दिसतो, पण आमच्या वहीतला पहिला आकडा आहे जो विचारायला आलेल्या माणसाला सांगता येईल.

७ डिसेंबर

माल पुन्हा वापरता येतो का? एक टक्का सोडियम हायड्रॉक्साइड एक लिटर फिरवलं, फ्लोराइड सुटलं. पाण्यानं धुतलं आणि घाईत पुन्हा बोअरचं पाणी लावलं. बाहेर आलेल्या पहिल्या लिटरात फ्लोराइड ६.३, पीएच १०.९. आत ४.१ जात होतं! शुद्धीकरणाच्या नळीतून मूळ पाण्यापेक्षा वाईट पाणी. हायड्रॉक्साइडनंतर विरळ सल्फ्युरिक आम्लानं पीएच ६.५-७ ला आणायची पायरी मी गाळली होती. (आम्ल धुतलेल्या थरावर, कॅनमध्ये नाही. काकांनी दोनदा विचारून खात्री केली.)

नीट केल्यावर दुसरी फेरी ८ लिटर, तिसरी ५. अल्कली दर वेळी थोडा थरही खाते.

१० डिसेंबर

राहिला तो सुटलेल्या फ्लोराइडचा लिटर. मोजला, ३१ मि.ग्रॅ./लि. हे कुठे टाकणार? घराबाहेर ओतलं तर ते परत जमिनीतच जाणार.

अ. म्हणाली, "एकतीस म्हणजे आठच्या वर आहे ना?" जुलैचं वहीचं मागचं पान उघडलं. कॅल्शियम क्लोराइड घातलं, रात्रभर ठेवलं. सकाळी तळाला पांढरा पापुद्रा, वरचं पाणी ११. आठ नाही आलं, साका हळू बसतो. पण जो मार्ग ४.१ वर निकामी होता तो ३१ वर चालला. स.नं चुन्याच्या पानावरची काट खोडली.

१८ जानेवारी

नवा टिसॅब, घाण क्रमांक ४ (क्रमांक ३ चीच कृती, दुसऱ्या हातानं, अ.नं केली, मी बघितलंही नाही). नळीतून १०.५ लिटर. म्हणजे कृती हाताच्या गुणावर अवलंबून नाही.

१५ फेब्रुवारी

तोंडी परीक्षा. परीक्षकांनी विचारलं, काढण्याचं प्रमाण किती टक्के? मी म्हटलं, पहिल्या लिटरला नव्वदच्या वर, अकराव्याला पासष्टच्या खाली, सोळाव्याला जवळपास काहीच नाही. कुठला लिटर सांगू? ते हसले. मग त्यांनी ॲल्युमिनियम विचारलं. नळीतून येणाऱ्या पाण्यात ॲल्युमिनॉनला ते दिसत नाही, पण "दिसत नाही" म्हणजे ०.२ मि.ग्रॅ./लि. च्या आत आहे असं म्हणायला आमच्याकडे तेवढी बारीक मोजणी नाही. म्हणून हे पाणी आम्ही कुणालाही प्यायला दिलेलं नाही आणि अहवालातही पिण्यायोग्य हा शब्द नाही.

२० फेब्रुवारी

पुढच्या वर्षी कुणी हे घेणार असेल तर मधल्या कपाटात खालच्या खणात: चाळलेला क्रमांक ४ चा माल १४० ग्रॅम, कोरडा, न भाजलेला क्रमांक ३ एका बरणीत, तो वापरू नका, तुलनेसाठी ठेवलाय, ०.६ ची चाळणी, एका कोपऱ्यात वाकलेली. सीडीटीए ९ ग्रॅम उरलंय. टिसॅबची ३०० मिलि बाटली दारामागे, तारीख १८ जानेवारी. वापरण्याआधी तिचा पीएच बघा, आणि थंड असताना बघा.